तिसरा घास

मी एक सतरा वर्षांची अल्पाका आहे. मित्रांनो, पुढे काही सांगण्याआधी सरळ बसा. माझ्यासमोर पाय पसरून बसलेले मला चालत नाही. माझ्या कळपातील पिलांनाही ते मी कधी चालू दिले नाही. आणखी एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करते. मला कोणी ‘मोठी मेंढी’ म्हणू नये. मेंढी दुसऱ्याच्या शेपटीमागे मान खाली घालून चालते. आमच्या डोंगरावर इतर माझ्या मागे चालत असत.

माझे नाव चुंपी. आमच्या केचुआ बोलीत त्याचा अर्थ तपकिरी. आता माझी लोकर उन्हापावसाने विटली आहे. परंतु एके काळी ती भाजलेल्या कॉफीच्या रंगाची होती, आणि कातरणीच्या दिवशी ती इतरांच्या ढिगात मिसळली जात नसे. ती वेगळ्या चादरीत बांधली जाई.

माझा जन्म कारबायाच्या डोंगरांत, झाडे जिथे उगवण्याचा नाद सोडून देतात त्याच्याही वर, फेब्रुवारीतल्या एका सकाळी झाला. आमच्यातल्या शहाण्या आया सकाळीच वितात, म्हणजे संध्याकाळचा गारठा उतरण्याआधी पिलाचे अंग वाळते. माझी आई शहाणी होती. कळपाची पुढारीण होती. दूध तुटण्याआधीच तिने मला गवताची ओळख करून दिली. इचू गवत पोट भरते, पण अंगी लागत नाही. सातूची कुसळे हिरडीत रुततात, म्हणून तो चारा कितीही पिवळाधमक दिसला तरी दूर ठेवावा. लसूणघासावर दव गोठलेले असताना त्याला तोंड लावू नये. उन्हे चढू द्यावीत, नाहीतर पोट नगाऱ्यासारखे फुगते. पाणथळीत गादीसारखे दाट वाढणारे हिरवे गवत सर्वांत उत्तम. पण हिवाळ्यात ते गाभणींचे, आपले नव्हे. अर्थात हे ती शब्दांत सांगत नसे. मी चुकीच्या गवताकडे तोंड नेले की ती कान मागे पाडून माझ्या मानेवर थुंकत असे. शिकवण्याची ती पद्धत मला आजही योग्य वाटते.

आमची मालकीण इलारिया. मालकीण हा शब्द मी माणसांच्या सोयीसाठी वापरते. आम्ही दोघी एकमेकींच्या होतो, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. एकावर एक चार घागरे, डोक्यावर काळी टोपी, आणि पाठीचा कणा असा की वाराही तिला वळसा घालून जाई. नवरा गेल्यानंतर तिने एकोणीस जनावरांचा हा कळप एकटीने सांभाळला. पुढे मुलगा नासारिओ हाताशी आला, आणि पाच हिवाळ्यांपूर्वी त्याची बायको असुंता घरात आली. वाडीतले सारे तिला इलारिया माय म्हणत आणि तिच्यासमोर टोपी काढत.

आमचा हिवाळा मे महिन्यात येतो आणि ऑगस्टपर्यंत हलत नाही. पाऊस थांबतो, गवत वाळून करपते, ओढ्याच्या कडेला काच धरते. घरामागचे पाणथळ कुरण पावसाळ्यापासून दगडी बांध घालून राखलेले असते. पण ते अर्धा हिवाळाच पुरते. उरलेल्या दिवसांसाठी खालच्या खोऱ्यातून ओटचा चारा आणावा लागतो. तो लोकर आणि खारवलेले वाळके मांस देऊन बदल्यात घेतात. एकदा घेतला की घेतला. डोंगरावर बर्फ पडल्यावर दुसरा चारा मिळत नाही, आणि जुलैत पोटात जे जाते, त्यावरच जानेवारीत पिले जन्मतात की नाही हे ठरते. म्हणून आमच्याकडे चाऱ्याची निवड हा मोठा दिवस असतो.

आता त्या दिवसाची रीत ऐका. मे महिन्यातल्या क्रूसाच्या सणाच्या दुसऱ्या सकाळी खोऱ्यातले विक्रेते आपापल्या पेंढ्या घेऊन वर येत. इलारिया प्रत्येकाची एक पेंढी उचले, बाही वर सारी, आणि कोपरापर्यंत हात तिच्या पोटात घाली. आत गार लागले पाहिजे. ऊब लागली, तर तो चारा ओला असताना बांधलेला आहे असे समजावे. मग ती आतली काडी काढून पिळे. काडी मोडली पाहिजे, वाकता कामा नये. दाणा दातांखाली धरी. दाणा दुधात असताना कापलेला चारा सर्वांत सकस असतो. या परीक्षेत उतरलेल्या प्रत्येक पेंढीच्या आतून ती एकेक मूठ घेई आणि अंगणात अंथरलेल्या हातविणीच्या वस्त्रावर वेगवेगळी मांडी. डोंगराला तीन कोका पाने वाहिली जात, चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, चार थेंब जमिनीवर पडत, आणि मग आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवलेली कळपाची पुढारीण त्या वस्त्राजवळ आणली जाई.

म्हणजे मी. आईनंतर बारा वर्षे मीच.

पहिला घास भुकेचा, दुसरा मोहाचा, तिसरा निवडीचा, असे आमच्याकडे म्हणतात. तिसऱ्या घासाला मी ज्या मुठीकडे तोंड नेई, तो चारा घेतला जाई. माझ्या निवडीवर कोणी वाद घालत नसे. एका वर्षी मी तिन्ही मुठींकडे पाठ फिरवली, तेव्हा इलारियाने तिन्ही विक्रेत्यांना गरम सूप पाजून परत पाठवले आणि आठ दिवस चौथ्याची वाट पाहिली. शेजारच्या वाडीतल्या बायका विचारायला येत, “चुंपीनं कोणाचं घेतलं?” आणि त्याच माणसाच्या पेंढ्या बांधून नेत. माझ्या कानांत लाल लोकरीचे गोंडे बांधलेले असत. मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. मला ते सारे आवडत असे.

मग माझे दात गेले.

आमच्या वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. तिथे टणक हिरडी असते, आणि खालचे दात तिच्यावर गवत दाबून तोडतात. पंधराव्या वर्षी माझा एक दात दगडावर आपटून तुटला. दुसरा त्याच्या मागोमाग हलू लागला. मागच्या दाढा झिजून गुळगुळीत झाल्या, आणि कडक काडी त्यांच्यात फिरेनाशी झाली. मी ओढ्याकाठचे कोवळे पाते ओठांनी ओढून खाऊ लागले. सगळे बसून रवंथ करत, तेव्हा रिकामे तोंड मीही हलवत राही. अंगावर दाट लोकर असली की आतल्या बरगड्या कोणाला दिसत नाहीत, हे आमच्या जातीचे वरदान आहे आणि शापही.

मी हे का लपवले, असे तुम्ही विचाराल. दात गेलेल्या जनावरांना मे महिन्यात कापतात आणि त्यांचे मांस खारवून वाळवतात, हे मला ठाऊक होते. परंतु सुरीचे भय मला नव्हते. त्या वस्त्रापाशी दुसरी कोणी उभी राहील आणि मी मागे, हे मला सोसवले नसते.

ही गोष्ट आहे गेल्या वर्षीच्या निवडीची.

निवडीच्या आठ दिवस आधी ओढ्यावर पाणी भरताना इलारिया घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. पाला बांधून, फडक्याच्या झोळीत हात अडकवून ती अंगणात उभी होती. त्या वर्षी दोघेच विक्रेते आले. एक तोरिबिओ, इलारियाच्या नवऱ्याचा जुना सोबती, सहा गाढवांवर पेंढ्या लादून पायी आलेला. दुसरा कासिमिरो, गोल चेहऱ्याचा, लाल गाडी घेऊन आलेला, आणि गाडी थांबण्याआधीच बोलू लागलेला.

“इलारिया माय, हाताला काय झालं? कोणाला मारलंत?”

“ओढ्याला,” इलारिया म्हणाली. “पुढच्या खेपेला तुला मारीन. डावा हात शाबूत आहे.”

“मारा हो, पण आधी चारा बघा. इतका मऊ चारा तुमच्या सुनेच्या उशीतसुद्धा नसेल.”

“माझ्या उशीची चौकशी नको,” असुंता म्हणाली. “कापला कधी ते सांगा.”

“एप्रिलात.”

“एप्रिलात खाली पाऊस लागला होता,” तोरिबिओ गाढवाच्या दोऱ्या सोडत म्हणाला. तो एरवी फारसे बोलत नसे.

“तो तुमच्या शेतावर, तोरिबिओ मामा. ढगसुद्धा माणसं बघून बरसतात.”

नासारिओ हसला. इलारिया हसली नाही. “नासारिओ, हात घाल,” ती म्हणाली. “दोन्ही पेंढ्यांत. कोपरापर्यंत.” आणि डोंगराला पाने वाहण्यासाठी ती आमच्याकडे पाठ करून वळली.

तोरिबिओच्या पेंढीत नासारिओने कोपरापर्यंत हात घातला. कासिमिरोच्या पेंढीत तो घालू लागला, तेव्हा कासिमिरो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “सणाची नवी बंडी आहे बाबा. कुसळं अडकली तर बायको आठवडाभर उपसत बसेल, आणि शिव्या मला बसतील.” नासारिओ पुन्हा हसला. त्याचा हात मनगटापर्यंतच आत गेला होता. तेवढ्यावर त्याने मूठ भरली आणि हात बाहेर काढला.

“गार आहे, आई.”

मी ते पाहिले. मी समोरच उभी होते.

मग मला वस्त्राजवळ आणले. माझी लेक वायरा, पांढरीशुभ्र, चौथ्यांदा गाभण, माझ्या डाव्या बाजूला दोन पावले मागे उभी होती. तिच्यामागे सारा कळप. पहिला घास मी तोरिबिओच्या मुठीचा घेतला. चारा उत्तम होता. दाणा दुधात असताना कापलेला, सावलीत राखलेला, वाऱ्याने वाळलेला. त्याची काडी माझ्या दोन दातांमधल्या फटीत शिरली आणि उघड्या हिरडीत खोल टोचली. डोळ्यांत पाणी आले. ती काडी मला चावता येईना, गिळता येईना. मी मान खाली नेली आणि ती हळूच वस्त्राच्या कडेला टाकली.

दुसरा घास कासिमिरोच्या मुठीचा. तो मऊ होता. गोड होता. ओठांतच विरघळला. आणि त्या गोडीच्या खाली, फार खाली, एक वास होता. घडी घालून विसरलेल्या ओल्या घोंगडीचा वास. आईने मला तो वास सहा महिन्यांची असताना शिकवला होता. त्या धड्याची थुंकी माझ्या मानेवर दोन दिवस वाळत होती.

मित्रांनो, यापुढे मी जे सांगणार आहे, ते मी कोणालाही सांगितलेले नाही. मला तो वास कळला होता. तिसऱ्या घासाला दोन वाटा होत्या. एक म्हणजे तोरिबिओच्या मुठीकडे पुन्हा जाणे आणि सगळ्यांसमोर तोंडातून काडी गाळणे. दुसरी मऊ. किंवा दोन्हींकडे पाठ फिरवता आली असती. ते तर मी पूर्वी केले होते, आणि त्यासाठी दात लागत नाहीत. परंतु मी रात्रभराची उपाशी होते, माझे तोंड रक्ताळले होते, आणि वस्त्राभोवती माणसे माझ्याकडे आदराने पाहत होती. मी तिसरा घास कासिमिरोच्या मुठीचा घेतला.

“झालं,” कासिमिरो म्हणाला आणि गाडीचे फळकूट खाली पाडले.

“आई, थांबा,” असुंता म्हणाली. तिने वस्त्राच्या कडेची काडी उचलली होती. “तिनं मामांच्या पेंढीतली काडी टाकून दिली. बघा, चावलेली नाही. नुसती ओली आहे.”

“आवडली नसेल,” नासारिओ म्हणाला.

“आवडली नाही की चावली नाही?”

इलारियाने माझ्याकडे पाहिले. मी मान ताठ केली. अशी मान ताठ करणे मी तिच्याकडूनच शिकले होते. ती असुंतेला म्हणाली, “तू इथे चार हिवाळे काढलेस. तिनं सोळा काढलेत. खाऊ दे तिला आणि तू घरात सूप बघ.”

तोरिबिओने पेंढ्या पुन्हा गाढवांवर लादल्या. वळताना एवढेच म्हणाला, “चुंपीचं तोंड आहे. त्यापुढे मी काय बोलणार.” दुसऱ्याच दिवशी त्याचा सगळा चारा पलीकडच्या डोंगरावर गेला.

जून बरा गेला. पाणथळीत गाभणी चरत होत्या, आणि वैरणीच्या खोपीतल्या बाहेरच्या पेंढ्या निघत होत्या. त्या बऱ्या होत्या. बाहेरचे नेहमी बरेच असते. मग जुलैत चार दिवस बर्फ पडले. पाणथळीवर असा कडक पापुद्रा धरला की खुराने फुटेना, आणि खाली खोऱ्यात उतरणारी वाट बुजली. पहिल्याच दिवशी असुंता आतल्या पेंढ्या काढायला खोपीत शिरली आणि हात पुसत बाहेर आली.

“आई, आत राख आहे.”

इलारिया आली. तिने डाव्या हाताने एक पेंढी फाडली. आतून करडा धुरळा उठला आणि ती खोकू लागली. बाहेर बर्फ होते, आणि ती पेंढी आतून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी उबदार होती.

“राख नाही ही,” ती म्हणाली. “बुरशी आहे.”

“झटकून उन्हात टाकू,” नासारिओ म्हणाला.

“ऊन कुठे आहे? खिशात आणलंस?”

 तो बुटांकडे पाहत म्हणाला, “आई, मी हात मनगटापर्यंतच घातला होता.”

इलारियाने हातातली पेंढी खाली टाकली. मला वाटले, ती त्याला मारील. “ते आत्ता सांगून जनावरांचं पोट भरायचं नाही,” ती म्हणाली. “खाली बस आणि काडी काडी निवड.”

तिघे दिवसभर निवडत बसले. इलारिया एका हाताने. एकेक काडी उजेडाकडे धरायची, करडी असेल तर मागे टाकायची. संध्याकाळी जो स्वच्छ ढीग झाला, तो एका घागऱ्याच्या ओच्यात मावला. एकोणीस तोंडांना तो किती पुरणार? दुसऱ्या दिवशी नासारिओने खोपीच्या छपराचे इचू गवत उपसून आमच्यापुढे टाकले. पोट भरते, पण अंगी लागत नाही. खराब चारा त्यांनी खोपीमागे टाकला आणि कोणी तिकडे जाऊ नये म्हणून त्याभोवती दगड रचले. ओला चारा जळत नाही, नाहीतर इलारियाने तो त्याच क्षणी जाळला असता.

तिसऱ्या पहाटे बर्फाच्या भाराने तो दगडी आडोसा एका बाजूने ढासळला. माणसे अजून घरात होती. भुकेला कळप वासाने तिकडे निघाला. गोड वास होता, मी सांगितले ना.

मी धावले. मी त्या ढिगापुढे आडवी उभी राहिले, कान मागे पाडले, थुंकले. एरवी माझी एक थुंकी पुरत असे. मग मी इशाऱ्याचा चित्कार केला. सगळ्यांनी माना वर केल्या आणि कोल्हा कुठे आहे ते पाहू लागले. कोल्हा नव्हता. त्यांनी माना पुन्हा खाली घातल्या.

आमच्या भाषेत ‘हे खाऊ नका’ म्हणायला एकच मार्ग असतो, मित्रांनो. पुढारणीने स्वतः ते खायचे नाही. आणि मी तर ते सगळ्यांदेखत खाल्ले होते. तिसऱ्या घासाला खाल्ले होते. वायराने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत शंका नव्हती. आईला सगळे एकटीलाच हवे आहे, असेही त्यात नव्हते. आईने निवडलेला चारा, एवढेच होते. ती माझ्या बाजूने हळूच वळसा घालून पुढे गेली, आणि तिच्यामागे इतर गेले. असुंता ओरडत, काठी घेऊन धावत आली, तोवर त्यांची पोटे भरली होती.

पुढच्या दिवसांचे मी थोडक्यात सांगते. जास्त सांगण्याची मला सवय नाही आणि शक्तीही नाही. आधी रवंथ थांबला. मग दात खाण्याचा आवाज सुरू झाला, एकाचा, मग तिघांचा. गाभणी गाभडल्या. बर्फावर पडलेली ती पिले एवढी लहान होती की नासारिओने ती आपल्या टोपीत उचलून नेली. वायरा पाय दुमडून बसली आणि मान जमिनीवर लांब पसरली. आमच्यात मान अशी पसरणारे जनावर क्वचितच उठते. इलारियाने तिला मीठ घातलेले गरम पाणी आणि पाल्याचा काढा पाजला, डाव्या हाताने तिचे पोट चोळले, तिचे डोके मांडीवर घेतले.

“ऊठ माझ्या बाई,” ती म्हणत होती. “अशी काय पडलीस. उन्हं येतायत बघ.”

उन्हे खरोखरच आली. आकाश निळेभोर झाले, बर्फ वितळू लागले, पाणथळीचे हिरवे ठिपके दिसू लागले. वायरा दुपारी गेली. तिच्यासोबत त्या आठवड्यात आणखी पाच गेले.

त्या संध्याकाळी इलारिया माझ्याकडे आली. मी खाल्ले नव्हते, म्हणून मी उभी होते. उभ्या असलेल्यांत मीच सर्वांत म्हातारी. ती माझ्यापुढे गुडघे टेकून बसली आणि तिने डाव्या हाताच्या अंगठ्याने माझा ओठ खाली ओढला. सोळा वर्षांत तिने असे कधी केले नव्हते. मी मान झटकली. तिने पुन्हा धरली. मग मी हलले नाही.

“किती दिवस गं?” तिने विचारले. “किती दिवस उपाशी आहेस?”

असुंता तिच्या मागे उभी होती.  न बोलणे तिला जड जात होते, ते दिसत होते.

“तू त्या काडीचं सांगितलं होतंस,” इलारिया म्हणाली.

“हो, आई.”

“मी तुला सूप बघायला पाठवलं.”

“हो.”

“हिच्या तोंडाला मी इतकी वर्षं देव मानलं आणि एकदाही उघडून बघितलं नाही.”

नासारिओ सुरी घेऊन आला होता. मेलेल्यांची कातडी काढायची होती. त्याने माझ्याकडे पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, “हिलाही आत्ताच...?”

“हिच्या आधी तुझं मनगट कापावं लागेल,” इलारिया म्हणाली, “आणि त्याच्याही आधी माझे कान. ठेव ती सुरी.”

कान म्हणाली, कारण तिने असुंतेचे ऐकले नव्हते. आमच्या डोंगरावर कोणी आपली चूक याहून मोठ्या शब्दांत कबूल करत नाही. माझी चूक मात्र मला कबूल करता आली नाही. तिला वाटले, मला चावता आले नाही म्हणून मी मऊ चारा घेतला. तो वास मला कळला होता, हे तिला कधीच कळणार नाही.

या वर्षी जानेवारीत दोनच पिले जन्मली. क्रूसाच्या सणाआधी असुंता स्वतः खोऱ्यात उतरली आणि तोरिबिओच्या दारात जाऊन उभी राहिली. ती सोबत मला घेऊन गेली होती, कारण परत येताना मला तिथल्या कोवळ्या गवतावर दोन दिवस ठेवायचे होते.

“माझा चारा कडक लागला होता ना तुम्हाला?” तोरिबिओ अंगणातूनच म्हणाला.

“दात पडलेल्याला लाह्याही कडक लागतात, मामा,” असुंता म्हणाली. “आम्ही तुमचा चारा नाकारला, ते चुकलं. या वर्षी वर या. सासूबाईंनी निरोप दिलाय.”

“इलारियानं? चुकलं म्हणून?”

“तेवढं नाही म्हणाल्या. सूप करून ठेवीन म्हणाल्या.”

“मग तेच ते,” तोरिबिओ म्हणाला आणि गाढवांकडे गेला.

या वर्षीची निवड मी मागून पाहिली. वस्त्र अंथरण्याआधी इलारियाने प्रत्येक विक्रेत्याची पेंढी मधोमध फाडायला लावली. असुंतेने बाही वर सारून प्रत्येकीत कोपरापर्यंत हात घातला. मग कळपाच्या नव्या पुढारणीला, पाच वर्षांच्या कुसीला, पुढे आणले, आणि तिने एक घासही घेण्याआधी इलारियाने सगळ्यांसमोर तिचा जबडा उघडून दात बोटाने एकेक तपासले. कुसी रागावली, थुंकली. इलारियाच्या टोपीवर हिरवा डाग पडला. इलारियाने तो पुसला नाही. कुसीने तोरिबिओचा चारा घेतला. बरोबर घेतला. मला मागून, वाऱ्यावरूनच कळले होते. पण मला कोणी विचारले नाही, आणि विचारू नये हेच योग्य होते.

आता पुन्हा जुलै आहे. इतर जनावरे दगडी बांधापाशी पेंढ्या खातात. माझ्यासाठी इलारिया चारा विळ्याने बोटभर कापते, कोमट पाण्यात भिजवते आणि स्वतःच्या ओच्यातून भरवते. तिचा उजवा हात नीट सांधला नाही. भांडे धरताना तो थरथरतो. मला असे भरवून घेणे आवडत नाही. पहिले काही दिवस मी तोंड फिरवले. मग तिच्या थरथरणाऱ्या हाताकडे पाहून खाऊ लागले. अल्पाका एकमेकींना खेटून बसतात, म्हणजे थंडी वाटून घेतली जाते. माझ्या डाव्या बाजूला कोणी बसत नाही. वायराची ती जागा कळपातल्या कोणालाही मी देत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी असेल, ज्याच्या शब्दावर सगळे चालतात. त्याचा मान अवश्य ठेवा. मान ठेवू नका असे मी मरेपर्यंत सांगणार नाही. परंतु त्याला अधूनमधून जवळून पाहा. त्याला अजून नीट दिसते का, चावता येते का, तो ताटातले खातो की नुसते चिवडतो, ते पाहा. तो सांगणार नाही. आम्ही सांगत नाही. आम्ही मान ताठ करतो, आणि तुम्हाला वाटते की सगळे ठीक आहे. त्या सकाळी वस्त्रापाशी कोणी माझा जबडा उघडायला आले असते, तर मी चावले असते, थुंकले असते, त्याचे तोंड वर्षभर पाहिले नसते.

तरीही उघडा.